मेल कोणी पळवले नाहीत, आपल्याच कॉम्प्युटरनं पुसले

वाचकाचं पत्र:

नमस्कार. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. कास्टिंग बाहेरून येतं, आम्ही मशीनिंग करून देतो. ऑफिसचं काम मी बघते. मेल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आउटलुकमध्ये येतात, माझ्या मोबाइलवरही येतात. पण मोबाइलवर जेमतेम दोन आठवड्यांचेच दिसतात, त्याआधीचे गायब. गेल्या महिन्यात शिरोलीच्या एका पार्टीनं आमचे नग रिजेक्ट केले. म्हणाले, सुधारित ड्रॉइंग मेल केलं होतं. मी त्यांच्या गेटवर उभी, आणि मोबाइलमध्ये काहीच सापडेना. होस्टिंगवाला म्हणतो, आम्ही काही काढत नाही. विचित्र म्हणजे दिवाळीत ऑफिस बंद होतं तेव्हा जुने मेल मोबाइलवर होते. ऑफिस उघडलं त्या दिवशी दुपारपर्यंत गेले. शिवाय मी मोबाइलवरून दिलेलं उत्तर ऑफिसात दिसत नाही. धाकटे दीर म्हणतात, सगळं आयमॅपवर टाका, म्हणजे मेल होस्टिंगवाल्याकडेच राहतील. सासऱ्यांचं म्हणणं, "आपली कागदं दुसऱ्याच्या घरात कशाला? मेल आपल्या मशीनवरच पाहिजेत." कॉम्प्युटरवर २०१४ पासूनचे मेल आहेत. मेलबॉक्सला जागा ५ जीबी. कोणाचं ऐकू?

उत्तर:

ताई,

दिवाळीचं ते वाक्य तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं, कारण उत्तर त्यातच आहे. होस्टिंगवाला खरं बोलतोय आणि तुमचा मोबाइलही ठणठणीत आहे. मेल पुसतोय तो ऑफिसातला कॉम्प्युटर. त्यालाही दोष देता येत नाही. मेल आधी होस्टिंगवाल्याच्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर, येतात. आउटलुक बसवताना कोणीतरी "सर्व्हरवरचे मेल १४ दिवसांनी काढ" असं सांगून ठेवलंय आणि तो रोज इमानानं ते काम करतोय. दिवाळीत तो बंद होता, त्यामुळे पुसायला कोणी सर्व्हरवर गेलंच नाही आणि जुने मेल मोबाइलवर दिसत राहिले. ऑफिस उघडलं, आउटलुक सुरू झालं, त्यानं साठलेलं सगळं आधी साफ केलं.

म्हणजे २०१४ पासूनचा तुमचा सगळा पत्रव्यवहार आज एका हार्ड डिस्कवर आहे, दुसरीकडे कुठंही नाही. मला काळजी आहे ती याची. मोबाइलवर मेल न दिसणं ही अडचण झाली. ती डिस्क बसली तर धंद्याचं नुकसान होईल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस विजांसकट येतो, लाइट जाते-येते, आणि त्या आठवड्यात दुरुस्तीवाल्यांच्या टेबलावर जळालेल्या कॉम्प्युटरची रांग लागते, हे उद्यमनगरातल्या माणसाला मी वेगळं सांगायला नको.

आधी त्या ड्रॉइंगचं बघू, कारण तिथं वेळ महत्त्वाची आहे. ऑफिसच्या आउटलुकमध्ये त्या पार्टीच्या नावानं शोधा. मेल इनबॉक्समध्ये आला असेल तर तिथं तो असणारच. नसेल, तर ब्राउझरमधून वेबमेल उघडा आणि स्पॅमचं फोल्डर बघा. तुमचं आउटलुक सध्या पॉप पद्धतीनं, म्हणजे सर्व्हरवरचे मेल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायच्या पद्धतीनं, मेल आणतंय, आणि पॉपला सर्व्हरवरचं फक्त इनबॉक्स माहीत असतं. सर्व्हरनं एखादा मेल स्पॅममध्ये टाकला तर तो तुमच्या ऑफिसात कधीच पोचत नाही आणि कोणाला कळतही नाही. मोठी झिप फाइल जोडलेला, अनोळखी पत्त्यावरून आलेला मेल स्पॅममध्ये जाणं अगदी शक्य आहे. हे फोल्डर कायमचं राहत नाही; जीमेल त्यातले मेल ३० दिवसांनी पुसतं, बाकीच्यांचे नियम वेगवेगळे आहेत. म्हणून आजच बघा. मेल सापडला तर पुढं पाठवू नका, उघडून तारीख-वेळेसकट जसाच्या तसा फाइल म्हणून सेव्ह करा. आणि तो कुठंच नसेल, तर पार्टीकडे त्यांचा पाठवलेला मेल मागा. त्यावर पत्ता कोणता आणि वेळ कुठली, हे पाहिल्यावर बोलणं रीतसर होईल.

आता पुसणं थांबवू. आउटलुकमध्ये फाइल, मग अकाउंट सेटिंग्ज, त्यात पुन्हा अकाउंट सेटिंग्ज. तुमचा मेलपत्ता निवडून चेंज दाबा, मोअर सेटिंग्जमध्ये जा आणि अॅडव्हान्स्ड नावाचं पान उघडा. काही नव्या आवृत्त्यांत चेंज दाबल्यावर थेट हेच पर्याय समोर येतात. हा रस्ता सापडला नाही तर कंट्रोल पॅनेलमधल्या 'मेल'वरून जा, तिथूनही तीच खिडकी उघडते. तळाशी तीन ओळी दिसतील. पहिली, 'लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन द सर्व्हर', म्हणजे मेलची प्रत सर्व्हरवर राहू दे. हिच्यापुढे टिक हवीच. दुसरी, 'रिमूव्ह फ्रॉम सर्व्हर आफ्टर', आणि पुढं दिवसांचा आकडा. तुमच्याकडे इथं टिक असेल आणि आकडा १४ असेल. ती टिक काढा. तिसरी ओळ म्हणते, इथल्या डिलीटेड आयटम्समधून मेल पुसला की सर्व्हरवरूनही पुसायचा. सगळी हलवाहलव होईपर्यंत तीही बंद ठेवा.

हे काम एकाच कॉम्प्युटरवर करून भागत नाही. दिरांच्या लॅपटॉपवर, हिशेबाच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर, कुठंही हाच पत्ता पॉपनं जोडलेला असेल तर तिथंही बघा. एका मशीननं जरी "मेल घेतला, आता पुस" म्हटलं तरी तो सगळ्यांसाठी जातो. कोणाकडे आउटलुकऐवजी थंडरबर्ड हे मेलचं सॉफ्टवेअर असेल तर अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज उघडा, 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' तिथंच आहे, त्याच्याखाली दिवसांची मर्यादाही आहे. जीमेलचा पत्ता पॉपनं जोडलेला असेल तर आउटलुकमधली टिक पुरत नाही. पॉपनं मेल नेल्यावर मूळ प्रतीचं काय करायचं हे जीमेल स्वतःच्या सेटिंग्जमध्ये वेगळं विचारतं, आणि तिथं 'जीमेलची प्रत इनबॉक्समध्ये ठेवा' हाच पर्याय निवडायचा.

असं पुसायची सोय मुळात केली कशाला, हा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पॉप ही पद्धत १९८४ ची, आणि आज वापरतो ते तिचं तिसरं रूप १९८८ मध्ये आलं. आपल्या देशात विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढची बरीच वर्षं फोनलाइन जोडायची, मोडेम किरकिरायचा, आणि जोडलेल्या प्रत्येक मिनिटाचं बिल यायचं. सर्व्हरवर जागाही चिमूटभर. जीमेल २००४ मध्ये १ जीबी घेऊन आलं तेव्हा हॉटमेल २ एमबी देत होतं. अशा वेळी पटकन जोडायचं, मेल उतरवून घ्यायचे, सर्व्हर रिकामा करायचा आणि लाइन तोडायची, हेच शहाणपणाचं होतं. घरटी एकच कॉम्प्युटर होता, त्यामुळे बिघडत काहीच नव्हतं. सासऱ्यांची सवय त्या काळातली असेल, तर ती सवय तेव्हा बरोबर होती.

आयमॅपही काही नवं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये ते तयार केलं. त्यात मूळ मेल सर्व्हरवर राहतो, आणि कॉम्प्युटर, मोबाइल, लॅपटॉप सगळे तोच एक साठा बघतात. तुम्ही मोबाइलवर वाचलेला मेल ऑफिसातही वाचलेला दिसतो. मोबाइलवरून दिलेलं उत्तर सर्व्हरवरच्या सेंट फोल्डरमध्ये जाऊन पडतं, म्हणून ऑफिसातही दिसतं. पॉपमध्ये तसं होत नाही. ज्या मशीनवरून पाठवलं त्याच मशीनवर पाठवलेली प्रत राहते. तुमची दुसरी तक्रार इथं मिटते.

म्हणजे दिरांचं बरोबर. पण सासऱ्यांचं चूक, असं मी म्हणणार नाही. आयमॅपमध्ये एक मोठी जोखीम आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही: एका जागी पुसलं की सगळीकडचं पुसलं जातं. मोबाइलवर जागा करायची म्हणून कोणी शंभर मेल निवडून उडवले, तर ते ऑफिसातूनही जातात. होस्टिंगचं नूतनीकरण राहून गेलं, कंपनी बंद पडली, पासवर्ड चोराच्या हाती लागला, तरी तेच. आउटलुक आयमॅपचे मेल कॉम्प्युटरवर उतरवून ठेवतं खरं, पण ती सर्व्हरची सावली असते. सर्व्हरवर नाही ते तिथंही टिकत नाही. तेव्हा आपली प्रत आपल्या ताब्यात पाहिजे हा सासऱ्यांचा आग्रह धरून ठेवा, फक्त तो पुरा करायची तऱ्हा बदलायला हवी.

त्यांना तुमच्याच शॉपमधलं उदाहरण द्या. मूळ ड्रॉइंग ऑफिसच्या कपाटात असतं आणि लेथवर जाते ती झेरॉक्स. झेरॉक्सला तेल लागलं, फाटली, तरी काम अडत नाही. सध्या तुमच्या मेलच्या बाबतीत मूळ ड्रॉइंगच लेथवर टांगलेलं आहे आणि झेरॉक्स कोणी काढलेलीच नाही. सर्व्हर हे कपाट धरा. त्यातलं दर महिन्याला एका डिस्कवर उतरवून ती डिस्क सासऱ्यांच्या हातात द्या, घरी त्यांच्या कपाटात राहू दे. मला वाटतं, एवढ्यावर ते तयार होतील.

आता प्रत्यक्ष हलवाहलव. शॉपला सुट्टी असेल त्या दिवशी करा, फोन वाजत असताना करू नका.

आधी जुना साठा सुरक्षित. आउटलुक पॉपचे मेल पीएसटी नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. ती बहुधा डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' फोल्डरमध्ये असते. नसेल तर अकाउंट सेटिंग्जमधल्या डेटा फाइल्सच्या पानावर तिचा नेमका पत्ता मिळतो. आउटलुक पूर्ण बंद करा, नाहीतर फाइल कॉपी होणार नाही. मग ती बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि दुसऱ्या एका डिस्कवरही घ्या. कॉपी झाली म्हणून गप्प बसू नका. दुसऱ्या कॉम्प्युटरच्या आउटलुकमध्ये ती उघडून २०१५ मधला एखादा मेल जोडपत्रासकट उघडतो का ते बघा. न उघडून बघितलेल्या प्रतीवर माझा विश्वास नाही आणि तुम्हीही ठेवू नका. एक डिस्क ऑफिसात ठेवलीत तर दुसरी तिथं नको. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरीत पाणी शिरलं तेव्हा काय झालं, हे तुम्हाला माहीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी तिथवर गेल्यावर कपाटं वर उचलायची की डिस्क शोधायची, ही वेळ येऊ नये.

मग त्याच आउटलुकमध्ये तोच पत्ता आयमॅप म्हणून नव्यानं जोडा. आउटलुकमध्ये जुन्या पॉप अकाउंटचंच आयमॅप करता येत नाही, वेगळं जोडावं लागतं. मेल येण्यासाठी पोर्ट ९९३, जाण्यासाठी ४६५ किंवा ५८७. सर्व्हरचं नाव होस्टिंगवाला देईल. जोडल्यावर जे दिसेल त्यानं घाबरू नका: नव्या अकाउंटमध्ये फक्त गेल्या दोन आठवड्यांचे मेल असतील. सर्व्हरवर तेवढेच उरलेत, म्हणून तेवढेच दिसतात. जुने मेल डाव्या बाजूला जुन्या नावाखाली जसेच्या तसे आहेत. बऱ्याच ऑफिसांत घोटाळा होतो तो नेमका इथं. नवीन अकाउंट रिकामं दिसलं की कोणीतरी "काहीतरी बिघडलं" म्हणून सगळं काढून पुन्हा बसवायला जातो.

दोन्ही अकाउंट एकाच वेळी चालू राहिली तर प्रत्येक नवा मेल दोनदा येईल. म्हणून सेंड-रिसीव्ह ग्रुप्समध्ये जाऊन पॉप अकाउंटला मेल आणण्यातून वगळा. अकाउंट काढून टाकायची घाई नको.

आता जुने मेल सर्व्हरवर चढवायचे. जुन्या इनबॉक्समधून मेल निवडायचे आणि नव्या अकाउंटच्या फोल्डरमध्ये कॉपी करायचे. मूव्ह नाही, कॉपी. मध्येच नेट गेलं तर मूव्हमध्ये काय इकडं राहिलं आणि काय तिकडं गेलं याचा मेळ लागत नाही. एकदम दहा हजार मेल ओढू नका, एका वेळी एका महिन्याचे घ्या, पोचले की आकडा जुळवून पुढचे. पाठवलेले मेलही तसेच चढवायचे, ते लोक हमखास विसरतात. आणि अर्धा व्यवहार, दर कळवलेले, मुदत मान्य केलेली, तो तर तुमच्या पाठवलेल्या मेलमध्येच असतो.

सगळं २०१४ पासूनचं चढवू नका, ५ जीबीत ते मावणार नाही. ड्रॉइंगचे मेल दिसतात त्याहून जड असतात. जोडपत्र मेलमधून जाताना अक्षरांच्या रूपात बदललं जातं आणि साधारण एक तृतीयांशानं फुगतं. १५ एमबीची फाइल सर्व्हरवर २० एमबी जागा खाते. मेलबॉक्स भरला की नवीन मेल परत जातात, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही; पार्टीला मात्र "मेलबॉक्स भरला आहे" असं उत्तर जातं. हे मेल नाहीसे होण्याहून वाईट. म्हणून मी तुमच्या जागी असते तर चालू आर्थिक वर्ष आणि त्याच्या मागचं एक, एवढंच सर्व्हरवर ठेवलं असतं. त्यालाही जागा कमी पडली तर होस्टिंगवाल्याकडून वाढवून घ्या, मशीन शॉपच्या एका रिजेक्शनपुढं तो खर्च काहीच नाही. वेबमेलमध्ये किती जागा भरली हे दिसतं; महिन्याच्या पहिल्या तारखेला बघायची सवय लावा.

त्याआधीची वर्षं स्थानिक पीएसटीत, एप्रिल ते मार्च अशी वर्षवार वेगळी. सगळं एकाच फाइलमध्ये कोंबू नका. आउटलुक २०१० पासून पीएसटीला ५० जीबीपर्यंत जाऊ देतं, पण तेवढी मोठी फाइल एकदा खराब झाली की सगळी वर्षं एकत्र जातात. मार्च संपला, हिशेब जुळले, की सर्वांत जुनं वर्ष दोन डिस्कवर उतरवायचं, उघडून बघायचं, मगच सर्व्हरवरून काढायचं. ही पुसापुसी माणसानं बघून करायची, आउटलुकवर सोडायची नाही. चालू वर्षाची प्रत दर महिन्याला फाइलमधल्या 'ओपन अँड एक्स्पोर्ट'मधून पीएसटी म्हणून काढता येते, सासऱ्यांच्या डिस्कवर जायची ती हीच.

किती वर्षं जपायचं, तर जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. बिलं आणि पीओ (खरेदीच्या ऑर्डरी) मेलवर येतात, म्हणजे ते मेलही त्यातच आले. त्यापलीकडचं ठेवायचं की नाही हे तुमच्या सीएला विचारा. ड्रॉइंगची सुधारणा-मालिका मात्र जोवर तो पार्ट तुम्ही बनवताय तोवर ठेवाच. प्रिंट काढून फाइल केली की झालं, असं समजू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची तर तिच्यासोबत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी मूळ मेल हाताशी हवा.

मोबाइलचं काम दहा मिनिटांचं. तिथला पत्ता कोणत्या पद्धतीनं जोडलाय ते बघा. पॉप असेल तर काढून आयमॅपनं जोडा. मोबाइल हातात असणाऱ्या प्रत्येकाला बजावून सांगा, की इथं पुसलं तर ऑफिसातलंही जातं. आणि आता सर्व्हरवर वर्षा-दोन वर्षांचा व्यवहार राहणार, तर 'कंपनीचं नाव आणि १२३' असला पासवर्ड चालायचा नाही. आधी तो बदला, मग मेल चढवायला घ्या.

नवा कॉम्प्युटर आणायचा विचार असेल तर आणा, पण जुना भंगारात देऊ नका आणि कोणाला फॉरमॅटही करू देऊ नका. निदान पुढचा मार्च एंड त्यातल्या मेलवाचून पार पडेपर्यंत तो तसाच ठेवा. एखाद्या जुन्या पार्टीचा मेल शोधताना कळतं, की अमुक फोल्डर चढवायचं राहूनच गेलं होतं, आणि तेव्हा तो जुना कॉम्प्युटर लागतो.